सहा ते अकरा

"खर्राटे कब से थे अम्मा के?" असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा शोभाच्या एका हातात सासूबाईंची कवळी होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या पाटल्या. कवळी नर्सने ओल्या कापसात गुंडाळून दिली होती आणि कापसाच्या फटीतून ती थोडी हसत होती. पाटल्या साबण लावून काढाव्या लागल्या होत्या. पन्नास वर्षांत त्या मनगटावरून कुणी उतरवल्या नव्हत्या. महिन्यामागे मामंजी गेले त्या दिवशीसुद्धा सुशीलाबाईंनी भोवती जमलेल्या बायकांना बजावलं होतं, काचेच्या काय फोडायच्या त्या फोडा, ह्या माझ्या बापानं घातल्यात. बापाने घातलेल्या त्या पाटल्या आता सुनेच्या मुठीत साबणाने बुळबुळीत होऊन बसल्या होत्या. "घंटाभर हुआ होगा," शोभा म्हणाली. डॉक्टरणीने केसात खोचलेलं पेन काढलं आणि तसं लिहून घेतलं. खोटं बोलायला माणसाला काही तयारी लागत असेल असं शोभाला आजवर वाटायचं. निदान घसा कोरडा पडावा, नजर हलावी. तसलं काही झालं नाही. शब्द आपसूक आले, कुणी आधीच करून फळीवर ठेवले असावेत तसे, आणि तिने फक्त हात वर करून घेतले. मग तिने पाटल्या पर्समध्ये टाकल्या, कवळी कुठे ठेवावी ते कळेना म्हणून हातातच धरली.

डॉक्टरणीचं नाव भाग्यलक्ष्मी. वय बेताचंच, शोभाच्या लेकीपेक्षा, तन्वीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने शोभाला आणि तिच्या नवऱ्याला, शिवराजला भिंतीपाशी घेऊन, तेलुगू हेल काढत, हिंदीत सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक जागा असते, तिचं काम एवढंच की श्वास घे, सोड, घे, सोड अशी आठवण देत राहायचं. माणूस झोपला तरी ती झोपत नाही. पण दुखणं मारायच्या आणि झोपेच्या अशा दोन्ही जातीच्या गोळ्या एकीवर एक पडल्या की ती जागासुद्धा गुंगते. श्वास उथळ होतो, मधलं अंतर वाढत जातं. जीभ मागे पडते, हवा अर्ध्या वाटेत अडते, आणि तेच घरच्यांना घोरणं वाटतं. झोपलेल्या माणसाचा खांदा हलवला तर तो वैतागतो तरी. हा माणूस वैतागत नाही, खोल खोल उतरत जातो, ओठ काळसर पडतात. एका जातीच्या गोळ्यांवर उतारा होता, तो टोचून झाला होता. दुसऱ्या जातीचा अंमल हळूहळूच उतरणार, तोवर श्वास मशीन घेईल. शिवराज प्रत्येक वाक्याला "हौ, हौ" म्हणत होता. त्याचं गौलीगुड्याला सुतळी-बारदानाचं दुकान. तिथून उठून आला तो तसाच, बाहीला तागाचे तंतू चिकटलेले. त्याने विचारलं की मायला फार त्रास झाला असेल का. "नै, नै," डॉक्टरीण म्हणाली, "उनको कुछ मालूम नै होता. दम घुटता, पर घुटने का पता देनेवालाच सो गया ना." शोभाला ते वाक्य आवडलं. आवडलं म्हणणं बरोबर नाही, पण ते एखाद्या चांगल्या झाकणासारखं बसलं कुठेतरी, आणि नंतर दोन दिवस ती ते अधूनमधून उघडून पाहत राहिली.

घडलं होतं ते इतकं. अकराच्या सुमाराला खालची भाडेकरू पद्मावती विरजण मागायला वर आली. वाटी पुढे करता करता ती थांबली, मान तिरकी करून आतल्या खोलीच्या दिशेने ऐकू लागली, आणि विचारू लागली की अम्मा अशा काहून झोपल्या आहेत. शोभाने तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. महिन्याने झोप लागलीय, हळू बोल. पद्मावती हळू बोलली नाही. ती चपलांसकट आत गेली. सुशीलाबाईंच्या घरात चपलांसकट कुणी आत गेलेलं शोभाने अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पुढचं सगळं होईपर्यंत, एकशेआठची गाडी त्यांच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत मागे-पुढे होत शिरेपर्यंत, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर उभं करावं लागेपर्यंत, शोभाच्या डोळ्यांपुढे त्या चपलाच राहिल्या. निळ्या, रबरी, डाव्या पायाचा अंगठा पिनेने जोडलेला. "ये सोना नै है शोभाक्का," पद्मावती म्हणाली होती, आणि सुशीलाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन हनुवटी वर धरून बसली होती. हनुवटी वर धरल्याबरोबर घोरणं थांबलं होतं. शोभाला त्या क्षणी वाटलं, हिने आवाज बंद केला. इतकं सोपं होतं तर.

आणि सकाळ. सकाळचं तिला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण ती सकाळ फार चांगली गेली होती. जाग आली ती आपोआप, सहाला, उन्हाची तिरीप भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पोचलेली. पहिल्यांदा कानावर आलं ते घोरणं. भरदार, ओलसर, एकसारखं. मामंजी गेल्यापासून सुशीलाबाईंची झोप कुठे गेली होती कोण जाणे. पलंगावर पाठ टेकली की उठायच्या, गॅसचं बटण बघून यायच्या, डब्यांची झाकणं उघडून मिटायच्या, मामंजींच्या, म्हणजे हिम्मतरावांच्या खुर्चीवर टॉवेल घडी करून ठेवायच्या आणि परत उलगडायच्या. दिवसाही तेच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांचा आवाज आधी जायचा, मग त्या. शोभा, हिंगाची डबी कुठाय. शोभा, नळ टिपकायलाय. शोभा, त्यांचा चष्मा कुनाला दिलात. वाईट सासू त्या कधीच नव्हत्या, हे शोभा माहेरी बरकतपुऱ्यालाही सांगायची आणि ते खरंच होतं. त्या फक्त होत्या. घरात जिथे हवा असते तिथे सगळीकडे त्या होत्या. म्हणून घोरणं ऐकून शोभाला हायसं वाटलं, आधी त्यांच्यासाठी आणि मग लगेच स्वतःसाठी. तिने शिवराजला खुणेने सांगितलं. त्यानेही दाराशी उभं राहून ऐकलं, त्याचा चेहरा मऊ झाला, आणि नऊ वाजता दुकानाला निघाला तो चपला हातात घेऊन जिना उतरला. तिने मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावर वाटली. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद केला. डाळ कच्ची राहिली तर राहिली. भाजीवाला गल्लीत ओरडायला लागला तसं तिने गच्चीतून हात हलवून त्याला पुढे काढलं. मग चहा केला आणि तो बसून प्यायला. बसून, शेवटच्या घोटापर्यंत, बशीत न ओतता. मग डोक्याला तेल लावलं. मग काहीच केलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिने पायाची नखं पाहिली, कपाटाच्या काचेत दिसणारा झाडाचा तुकडा पाहिला, आणि पलीकडून ते घोरणं येत राहिलं, कुणीतरी लाकूड कापत बसावं तसं, आणि त्या आवाजाने घर जितकं शांत झालं होतं तितकं ते आवाज नसताना कधी झालं नव्हतं.

गोळ्यांचं कोडं शिवराजने संध्याकाळी सोडवलं. घरी जाऊन त्याने मायची फळी धुंडाळली, आणि लाडवाच्या डब्यात रिकाम्या पट्ट्या सापडल्या, नीट रबर लावलेल्या. त्यातली एकच पट्टी सुशीलाबाईंची, बाकीच्या हिम्मतरावांच्या. शेवटच्या तीन महिन्यांत त्यांचं दुखणं हाडात उतरलं होतं आणि डॉक्टरांनी दुखण्याच्या वेगळ्या, झोपेच्या वेगळ्या अशा कडक गोळ्या दिल्या होत्या. ते गेले आणि गोळ्या उरल्या. तेराव्याला त्यांचं सगळं दिलं होतं: गादी, छत्री, तांब्या, जोडे, नवं धोतर. गुरुजींनी सगळं घेतलं, गोळ्या कोण घेणार. मेडिकलवाल्याने कापलेल्या पट्ट्या परत घेत नाही म्हणून सांगितलं. शोभा म्हणाली होती फेकून देऊ, तर सुशीलाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ती ताटातली भाकरी उकिरड्यावर टाकायला निघाली होती. देगलूरकडून आलेल्या त्या घराण्यात वाया घालवणं हे एकच पाप होतं. बाकीच्या चुका होत्या. उरलेलं संपवायचं ते घरच्या बाईने. सुशीलाबाईंनी आयुष्यभर पातेल्याच्या तळाचा भात, लेकरांनी टाकलेले घास, आंबट झालेलं ताक संपवलं, आणि कधीतरी त्यात औषधांचीही भर पडली. तन्वीच्या डोळ्यांचे थेंब उरले तर स्वतःच्या डोळ्यांत घातले. शिवराजच्या खोकल्याच्या बाटलीचा तळ चमच्याने खरवडला. घरात त्यावर हसणं व्हायचं. मामंजी म्हणायचे, माझी चिता विझली तर ही उरलेली लाकडं चुलीत घालील. ते हसत तेव्हा सुशीलाबाईही हसायच्या. त्यांना झोप येत नव्हती आणि झोपेच्या गोळ्या घरात वाया चालल्या होत्या. यात कोडं कसलं. पण हे कागदावर लिहायला आलेल्या हवालदाराला सांगायचं कसं? त्याने विचारलं, घरात भांडण, कुणाचं काही बोलणं? शिवराज म्हणाला, गलती से. हवालदाराने शोभाकडे पाहिलं. तीही म्हणाली, गलती से. भांडण झालं नव्हतंच. हवालदाराने विचारलं नाही असं बरंच काही होतं, पण तो त्याचा दोष नव्हे. त्याच्या कागदावर तेवढ्याच ओळी होत्या.

बाहेरच्या बाकावर शोभा दोन दिवस बसली. काचेतून पलंगाचा पायथा आणि मशीनचा एक कोपरा दिसे. मशीन सुशीलाबाईंना श्वास देत होतं. एक ढकलल्यासारखा आवाज, मग सुटल्यासारखा. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच तालावर श्वास घेतोय. तिने मुद्दाम ताल मोडून पाहिला, भरभर दोन श्वास घेतले, पण जरा दुर्लक्ष झालं की परत मशीनचाच ताल. तन्वीचा बेंगळुरूहून सारखा फोन येत होता. तिने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत आणि रडवेल्या मराठीत विचारलं, मम्मी, तू ठीक आहेस ना, तू रडली का? शोभा म्हणाली, रडले. हेही फळीवरूनच उचललं. खरं म्हणजे तिला काही होत नव्हतं. कॅन्टीनची कॉफी गरम होती एवढं जिभेला कळे, कडू की गोड ते कळत नसे. पायाला मुंग्या आल्या तरी ती पाय हलवायची विसरे. ह्याला बधिर होणं म्हणावं तर बधिर झालेल्या जागेला टोचून पाहता येतं. तिला टोचायची जागाच सापडेना. ती फक्त पावणेदहाकडे परत परत जायची. सहा ते अकरा हे पाच तास कसेही सांगता आले असते, त्यात शिवराज होता, भाजीवाला होता, सगळं घर होतं. पावणेदहाला ती एकटी होती.

पावणेदहाला ती आत गेली होती ती कात्री घ्यायला. खोलीत पडदा ओढलेला. सुशीलाबाई पाठीवर, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबणारा. कात्री ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर ओढता ओढता घोरणं थांबलं. शोभाला वाटलं जागल्या, आता म्हणतील काय करायलीस, आणि ती पाठमोरीच थांबली. काही आलं नाही. कात्री घेऊन ती वळली. छाती हलत नव्हती. पंख्याच्या वाऱ्याने पदराचं टोक हलत होतं, बाकी काही नाही. शोभा उभी राहिली. किती वेळ ते तिने नंतर बाकावर बसून अनेकदा मोजून पाहिलं. दहा सेकंद म्हणता येईल, पंधरा म्हणता येईल. त्या दहा-पंधरांत तिने काय केलं तर कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग आतून कुठूनतरी, विहिरीतून पोहरा ओढावा तसा एक मोठा, खरखरीत श्वास वर आला आणि लाकूड कापणं परत सुरू झालं. ओठांकडे तिचं लक्ष गेलं होतं. पान खाऊन काळसर पडल्यासारखे दिसत होते, पण सुशीलाबाई पान खात नाहीत. हे तिला तेव्हा दिसलं होतं. आणि ती बाहेर आली, आणि दार, जे एरवी उघडंच असतं, तिने ओढून घेतलं. कडी वाजू नये म्हणून बोट मध्ये घालून, अगदी हळू. दार ओढताना मनात काय होतं? ती शोधत राहिली. मरण नव्हतं, हे ती देवापुढे सांगू शकली असती. भीती असायला हवी होती, तीही नव्हती. एवढंच होतं की अजून दुसरा चहा व्हायचा होता. तो तिने केला. तोही बसून प्यायला.

हिम्मतराव आजारी असताना ती त्यांच्या उशाशी बसायची तेव्हाही असंच काहीसं व्हायचं. त्यांचं अंग पुसताना, त्यांना चमच्याने पेज भरवताना ती अगदी नीट असायची, पाहुणे कौतुक करायचे की सून असावी तर अशी. ती कौतुक ऐकायची, आणि आपल्याविषयी कुणी बोलतंय असं तिला वाटायचं नाही. माणूस नीट वागत असला की आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही. मग हळूहळू आपणही विचारायचं सोडतो. घुटने का पता देनेवालाच सो गया. तिने ते झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. स्वतःला इतकं लावून घ्यायचं काम नव्हतं. नळीतून श्वास घेत पडलेली बाई आत होती, ती बाकावर नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन काढलं. सुशीलाबाई स्वतःचा श्वास घेऊ लागल्या, नाकाला फक्त एक बारीक नळी. शोभा उठली आणि डॉक्टर भाग्यलक्ष्मीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिने सांगितलं की परवा चुकीचं सांगितलं होतं. घोरणं एका तासाचं नव्हतं, सहा वाजल्यापासूनचं होतं, पाच तास. डॉक्टरणीने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाली की आता त्याने काही फरक पडत नाही, अम्मा शुद्धीवर येतायत, तुम्ही काही खाल्लं का? कागद तिने उघडलाही नाही. शोभाला वाटलं होतं ती एक तास खोडून पाच करील. निदान ते कुठेतरी लिहिलेलं राहील. दुपारी शिवराजलाही सांगून पाहिलं. तो डबा उघडत होता. म्हणाला, मीबी ऐकलोच की, मलाबी झोपच वाटली, तू कशाला मनाला लावून घेतीस. आणि दोडक्याची भाजी तिच्याकडे सरकवली. तो चांगला माणूस होता. पावणेदहाचं त्याला सांगायचं तर त्याला वाटी खाली ठेवावी लागली असती, आणि त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

त्याच दुपारी सुशीलाबाईंनी डोळे उघडले. शोभा जवळ बसली होती. सुशीलाबाईंनी तिला ओळखलं, बोटांनी तिचा हात चाचपला. घशात नळी राहिल्याने आवाज चिरकलेला होता, कवळी नसल्याने शब्द हिरड्यांवरून घसरत होते. काय झालं त्यांनी विचारलं. शोभाने सांगितलं. गोळ्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "वाया चालल्या होत्या की गे." मग शोभा म्हणाली, आणि बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, "आत्याबाई, तुम्ही सहापासून घोरत होता. मी उठवलं नाही. अकरापर्यंत."

"काहून?"

"वाटलं, झोप लागली तुम्हाला."

सुशीलाबाई बोळक्या तोंडाने हसल्या. त्यांनी हात उचलला, तो नळ्यांसकट जेमतेम वर आला आणि शोभाच्या गालावर पडला. "बरं केलीस माय," त्या म्हणाल्या. "निजू दिलीस. कोन कुनाला निजू देतंय." आणि डोळे मिटले. शोभाच्या आत काहीतरी सैल झालं. गाठ म्हणण्याइतकं मोठं नव्हतं, नाडीचा एखादा वेढा सुटावा तेवढंच. ती बाहेर आली, कॉफी घेतली, ती कडू लागली. तिने त्यात साखर घातली. पावणेदहाचं सांगितलं नव्हतं, पण बरं केलीस म्हटल्यावर त्यात सगळंच आलं, असं तिने ठरवून टाकलं.

तासाभराने ती परत आत गेली तेव्हा सुशीलाबाई जाग्या होत्या. "शोभा, तू कवा आलीस? मला हितं कोन आनलं?" त्यांनी विचारलं. शोभाला वाटलं झोपेत बोलतायत. तिने परत सांगितलं, गोळ्यांचं. "वाया चालल्या होत्या की गे," त्या म्हणाल्या, अगदी त्याच स्वरात, तोच शब्द त्याच जागी घसरवत. सलाईन बदलायला आलेल्या नर्सला शोभाने बाहेर गाठून विचारलं. नर्स म्हणाली की असंच होतं, त्या गोळ्या आठवण धरू देत नाहीत. माणूस बोलतं, हसतं, ओळखतं, पण आत काही उमटत नाही. आजचा दिवस त्यांना उद्या आठवणार नाही. काळजी करू नका, उद्यापासून आठवेल. काळजीचं नव्हतंच काही. शोभा कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. तिच्या गालावर ज्यांनी हात ठेवला त्यांनी तो ठेवलाच नव्हता. मिळालेली माफी देणाऱ्यालाच माहीत नाही. अशी माफी कुणाची म्हणायची? ठेवून घेता आली असती. साक्षीला कुणी नव्हतं. सुशीलाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मिळालंय ते वाया घालवू नये.

त्या दिवशी ती घरी गेली, अंघोळ केली, सुशीलाबाईंच्या खोलीतली चादर काढली. दार उघडंच होतं. ते तिने एकदा लावून पाहिलं, एकदा उघडून. लावताना आवाज होतच होता. हळू लावावं लागत होतं. पद्मावती खालून आमटी घेऊन आली आणि या वेळी चपला जिन्यात काढून आली. अम्मा कशा आहेत विचारलं, देवाची कृपा म्हणाली. शोभाने तिला विचारलं की तिला कसं कळलं, ती झोप नाही म्हणून. पद्मावतीने खांदे उडवले. म्हणाली, कळलं नाही काही, तो आवाज ऐकवेना, म्हणून आत गेले. शोभाने आमटीचं भांडं घेतलं. ऐकवेना. तिने तो आवाज पाच तास ऐकला होता आणि त्यावर दोन चहा प्यायले होते.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला सुशीलाबाई उशा मागे लावून बसल्या होत्या. कवळी घातलेली, वेणी नर्सने घातलेली, ती उलटी घातलीय म्हणून कुरकुर करून झालेली. नर्सचं नाव, तिचं गाव, तिच्या लग्नाचं काय अडलंय हे सगळं त्यांना माहीत झालं होतं आणि सगळं लक्षात राहिलं होतं. शोभाने त्यांच्या हातात पाटल्या परत घातल्या. साबण लागला नाही, मनगटं इतकी उतरली होती. मग ती स्टूल ओढून बसली. सांगायला सुरुवात करणं सोपं गेलं कारण ते एकदा सांगून झालेलं होतं. सहाचं सांगितलं. सुशीलाबाई ऐकत होत्या. कालच्यासारखं काहून म्हणाल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. शोभा थांबली. इथेच थांबता आलं असतं. ती म्हणाली, "पावणेदहाला मी आत आले होते. कात्री घ्यायला. तुमचा श्वास थांबला होता. मी उभी राहिले. मग तो आला. मग मी बाहेर गेले आणि दार लावून घेतलं."

सुशीलाबाईंनी उशीवरची मान थोडी पुढे घेतली. "मरंल म्हातारी, असं वाटलं का?"

"नाही." शोभाने शोधलं. "काही वाटलं नाही. ओठ काळे दिसले, तरी काही वाटलं नाही. घर गप्प होतं. ते अजून थोडा वेळ तसंच राहावं, एवढंच."

पलीकडच्या पलंगावरच्या बाईला तिचा मुलगा इडली भरवत होता. सुशीलाबाई ते पाहत राहिल्या. त्यांनी एका पाटलीला बोटाने फिरवलं, ती सहज गोल फिरली. त्या बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "लगीन होऊन आलीस त्या दिसापासून साडेपाचला तुला हाक मारले मी. अठ्ठावीस वर्सं. तुला ताप असू, तू वली बाळंतीन असू. तुझ्या बापाची मयत करून आलीस, दुसऱ्या दिशी बी मारले. तुला राग यायचा, मला कळायचं. तोंड वळवून उठायचीस. पर हाक मारले. एक दिस चुकवले न्हाई."

"हो," शोभा म्हणाली.

"तू एक मारायची होतीस."

एवढं बोलून त्यांनी अंग वळवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. नाकातली नळी खांद्याखाली आली होती, ती शोभाने सोडवली. त्यांनी सोडवू दिली, पण वळल्या नाहीत. त्यांची पाठ खाली-वर होत होती, रागाने थोडी भरभर. शोभा स्टूलवर बसून राहिली. पोटाच्या वर, बरगड्या जिथे मिळतात तिथे, काहीतरी दुखायला लागलं होतं, आणि ते थांबेना. तिने पदर नीट केला. घसा साफ केला.

"आत्याबाई," तिने हाक मारली.

तिने परत मारली, जरा मोठ्याने. इडली भरवणाऱ्या मुलाने मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा तिने इतक्या मोठ्याने हाक मारली की दारातली नर्स आत आली आणि काय झालं विचारू लागली.

"आयकू आलं," सुशीलाबाई भिंतीला म्हणाल्या.